हुकूम जनुकाचा, काम प्रथिनाचं

रक्तगट बहुतेकांना पाठ असतो. शाळेच्या ओळखपत्रावर असतो, वाहन परवान्यावर असतो, मंडळाच्या रक्तदान शिबिरात मिळालेल्या कार्डावर असतो. मुंबईतल्या माहुलमधून रिफायनऱ्यांत आणि तेलाच्या टाक्यांवर कंत्राटी कामाला जाणारे पुष्कळ. त्यांच्यातल्या अनेकांच्या गळ्यातल्या पासवरही तो छापलेला असतो. पण ‘ओ पॉझिटिव्ह’ म्हणजे अंगात नेमकं काय आहे, असं विचारलं की माणूस कार्डच पुन्हा पुढे करतो.

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात, पहिल्याच धड्यात, पेशी प्रथिनं कशी बनवते ते दिलेलं आहे. प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण. मुलं हे तीन शब्द घोकतात, आकृती काढतात, गुण मिळवतात आणि मोकळी होतात. माहुलच्या वसाहतीत संध्याकाळी मुलांना विज्ञान शिकवताना मला सतत जाणवत आलं, की हा धडा मुलांना येतो पण कळत नाही. दोष त्यांचा नाही. प्रथिन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे डाळ येते, अंडं येतं, गावठाणातल्या मुलांच्या पुढे बोंबील येतो. खाण्याची वस्तू ती. पेशीने पुन्हा ‘बनवायची’ कशासाठी, हा प्रश्नच पडत नाही. मग त्याचं उत्तर कितीही रंगीत आकृत्यांनी दिलं तरी ते वहीतच राहतं.

या पुस्तकाचा विषय तोच आहे: जनुकात लिहिलेल्या सूचनेवरून पेशी प्रथिन कसं घडवते. अशी पुस्तकं सहसा डीएनएच्या दुहेरी गोफापासून सुरू होतात. मला ते उलट्या टोकाने सुरू होणं वाटतं. आधी प्रथिन काय करतं ते दिसावं, मग ते कुठून आलं हे विचारावं. आणि ते दाखवायला एक उदाहरण आपल्या घराजवळच आहे. माहुलच्या खाडीकाठी उभं राहून पश्चिमेला पाहिलं तर पाण्यापलीकडे शिवडी, आणि शिवडीच्या मागे परळ. परळला केईएम रुग्णालय आहे, आणि त्याला जोडून सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय. १९५२ साली तिथल्या डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना काही माणसांचं रक्त असं सापडलं की ते कोणत्याच खणात बसेना.

चाचणीत त्या रक्ताच्या लाल पेशी ‘ए’च्या प्रतिद्रव्याने गोळा होत नव्हत्या, ‘बी’च्याही नाही. म्हणजे सरळ हिशेबाने गट ‘ओ’. पण ‘ओ’ रक्त त्यांना चालायला हवं, तर तेही चालेना. त्यांच्या रक्तद्रवात ‘ए’, ‘बी’, ‘ओ’ अशा कोणत्याही माणसाच्या लाल पेशी टाकल्या तरी त्यांच्या गुठळ्या होत. भेंड्यांनी लंडनमधल्या रेस आणि सँगर या रक्तगटांच्या जाणकारांना, तसंच मॉर्गन आणि वॉटकिन्स या जीवरसायनशास्त्रज्ञांना सोबत घेतलं, आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या सगळ्यांच्या नावांनी एक छोटासा लेख आला. पुढे जगभरच्या रक्तपेढ्यांनी या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव दिलं आणि शहराचं नाव बदललं तरी त्याचं बदललं नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा निघतो. युरोपात तो फारच दुर्मीळ आहे.

आता यात प्रथिन कुठे आलं? ते कळायला आधी ‘ओ’ म्हणजे काय हे सांगावं लागेल. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या लहान लहान साखळ्या उभ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची एक साखर बसली की त्या टोकाला ‘एच’ म्हणतात. त्या ‘एच’वर आणखी एक विशिष्ट साखर चढली की गट ‘ए’ होतो. तिच्या जागी जराशी वेगळी साखर चढली की ‘बी’. दोन्ही चढल्या तर ‘एबी’. आणि ‘एच’ तसाच उघडा राहिला की ‘ओ’. तेव्हा ‘ओ’ गटाच्या माणसाकडे काहीच नसतं ही समजूत खोटी. त्याच्याकडे ‘एच’ असतो, आणि तो आपल्या सगळ्यांकडेच असल्यामुळे कुणाला दिसत नाही. बॉम्बे गटाच्या माणसाकडे तोच नसतो. म्हणून त्याचं शरीर ‘ओ’ रक्तालाही परकं मानतं.

गमतीचा भाग पुढे आहे. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका स्त्रीची नोंद केली. चाचणीने ती ‘ओ’ दिसे, पण तिच्या मुलीत ‘बी’ उतरला होता, आणि तो आईकडूनच आलेला होता. जी गोष्ट आईच्या रक्तात नाही ती तिने मुलीला दिली कशी? उत्तर असं की आईकडे ‘बी’चं जनुक होतं, धडधाकट होतं, कामही करत होतं. पण ‘बी’ची साखर ज्यावर चढवायची तो ‘एच’च तिच्याकडे नव्हता. मुलीला वडिलांकडून ‘एच’चं चांगलं जनुक मिळालं आणि ‘बी’ उघड झाला.

ही एक हकीकत नीट पचली तर अर्धं जनुकशास्त्र हाती लागतं. रक्तगट साखरेचा, पण साखर जनुकात नसते. जनुकाला साखर करता येत नाही, रंग करता येत नाही, नाक लांब करता येत नाही. त्याला येतं ते एवढंच, की कोणत्या अमिनो आम्लानंतर कोणतं यावं याची यादी देणं. (काही जनुकांचा आरएनएच थेट कामाला लागतो, त्यांना पुस्तकात वेगळं प्रकरण आहे.) त्या यादीबरहुकूम जो धागा विणला जातो ते प्रथिन, आणि रक्तगटाच्या बाबतीत ते प्रथिन म्हणजे विकर: साखर उचलून साखळीच्या टोकावर बसवणारा कारागीर. वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी १९५९ साली हाच मार्ग सुचवला. परळच्या त्या रक्ताने त्यांच्या तर्काला मोठाच आधार दिला, कारण तीन पायऱ्यांपैकी पहिली मोडली की वरच्या दोन्ही निरुपयोगी होतात हे त्यात दिसत होतं.

आता ही पहिली पायरी घडते कशी ते पाहू. ‘एच’ घडवणाऱ्या विकराचं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे; त्याचं नाव एफयूटी-१. जागा म्हणाल तर हाडांमधला मगज. लाल पेशी तिथे तयार होत असतात आणि तेव्हा त्यांच्यात अजून पेशीकेंद्र असतं. पेशीकेंद्रातला डीएनए जागेवरून हलत नाही. जनुकाच्या जागी गोफ जरा उकलतो, एक विकर एका धाग्यावरून सरकत जातं आणि आरएनएची प्रत उतरवतं. ती छाटून, नीट करून पेशीकेंद्राबाहेर पाठवली जाते. बाहेर रायबोझोम नावाचा प्रथिनांचा विणकर तिला पकडतो आणि तीन-तीन अक्षरं वाचत पुढे जातो. प्रत्येक त्रिकुटासाठी एक छोटा वाहक आरएनए येतो. त्याच्या एका टोकाला त्या त्रिकुटाशी जुळणारी अक्षरं असतात आणि दुसऱ्या टोकाला नेमून दिलेलं अमिनो आम्ल. जुळलं की ते आम्ल आधीच्या धाग्याला जोडलं जातं, वाहक मोकळा होतो आणि रायबोझोम तीन अक्षरं पुढे सरकतो. प्रतीवर ‘थांबा’ म्हणणारं त्रिकूट आलं की धागा सुटतो.

एफयूटी-१चं प्रथिन ३६५ अमिनो आम्लांचं आहे. म्हणजे सूचनेची १०९५ अक्षरं, आणि थांबण्याची ३. माणसाच्या पेशीत रायबोझोम सेकंदाला सुमारे ५ आम्लं जोडतो. तेव्हा हे प्रथिन मिनिट-सव्वा मिनिटात विणून होतं. तो धागा विणला जात असतानाच पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात शिरतो, तिथे घड्या पडून त्याला आकार येतो, आणि मग तो गॉल्गी नावाच्या पिशव्यांच्या उतरंडीत जाऊन बसतो. पृष्ठभागाकडे निघालेल्या साखळ्या तिथून जातात आणि जाता जाता त्यांच्या टोकाला फ्युकोज बसतो. लाल पेशी तयार होता होता पेशीकेंद्र बाहेर टाकते, मग एक-दोन दिवसांत रायबोझोमही गमावते. पुढचे सुमारे १२० दिवस ती रक्तात फिरते ती आधी करून ठेवलेल्या प्रथिनांवर. मोडलं तर नवं करायची सोय नाही.

भारतातल्या बॉम्बे गटाच्या कुटुंबांत काय बिघडलेलं असतं ते १९९० च्या दशकात कळलं. एफयूटी-१च्या सूचनेतलं ७२५वं अक्षर थायमिन असायला हवं, तिथे ग्वानिन असतं. ७२५ला ३ने भागा: भागाकार २४१, बाकी २. म्हणजे बिघाड २४२व्या त्रिकुटाच्या मधल्या अक्षरात. त्यामुळे तिथे ल्युसिनच्या जागी आर्जिनिन बसतं. ल्युसिन तेलकट, पाण्यापासून दूर राहणारं. आर्जिनिनवर विद्युतभार, त्याला पाणी प्रिय. एवढ्याने विकर निकामी होतं. १०९८ अक्षरांपैकी एक चुकलं, आणि माणसाला जगातल्या जवळजवळ कुणाचंच रक्त चालेनासं झालं. हा भागाकार मी मुलांना फळ्यावर करायला लावतो. रसायनाच्या नावांना घाबरणारी मुलंही बाकी २ येते हे न चुकता सांगतात, आणि मग ‘कोडॉन’, म्हणजे हेच त्रिकूट, हा नुसता प्रश्नपत्रिकेतला शब्द उरत नाही.

तीनच अक्षरांनी का वाचायचं आणि कुठून वाचायला लागायचं याला किती महत्त्व आहे, हे मराठी वाक्यावरही दाखवता येतं. ‘रमेश गरम वरण मागतो.’ प्रत्येक शब्द तीन अक्षरी. गरमच्या जागी ‘नरम’ झालं तर अर्थ बदलतो, पण वाक्य उभं राहतं. ‘ए’ आणि ‘बी’ या गटांची विकरं अशीच आहेत; ३५४ अमिनो आम्लांच्या धाग्यात फक्त ४ ठिकाणी फरक, आणि तेवढ्याने एक विकर एक साखर उचलतं, दुसरं दुसरी. आता गरममधला ‘ग’ काढून टाका, पण वाचायचं तीन-तीननेच: ‘रमेश रमव रणमा गतो’. पुढचं सगळं बरळणं. ‘ओ’ गटाच्या नेहमीच्या जनुकात हेच झालेलं आहे. २६१वं अक्षर गळालेलं आहे. ८७ त्रिकुटांपर्यंत अर्थ टिकतो, पुढची ३० भलतीच वाचली जातात, आणि ११८व्या जागी योगायोगाने ‘थांबा’ तयार होतं. जेमतेम तृतीयांश लांबीचं, बिनकामाचं प्रथिन. ‘ओ’ गटाच्या कोट्यवधी लोकांचा रक्तगट म्हणजे हा एक गळालेला ग्वानिन. १९९० साली यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वाचून दाखवलं.

हे वाचता येण्याआधी लिपी उलगडावी लागली. त्या काळाचा इतिहास पुस्तकात सविस्तर आहे, म्हणून इथे धावतं सांगतो. १९६१ साली निरेनबर्ग आणि मथाई यांनी एकाच अक्षराच्या आरएनएपासून एकाच अमिनो आम्लाचं प्रथिन बनवून पहिलं त्रिकूट उलगडलं. त्याच वर्षी क्रिक, ब्रेनर आणि मंडळींनी अक्षरं घालून-गाळून वाचन तीन-तीनचंच असतं हे सिद्ध केलं. हरगोविंद खुराणांनी हव्या त्या क्रमाचे आरएनए घडवून उरलेल्या तक्त्याचा मोठा भाग भरला. १९६६पर्यंत ६४ त्रिकुटांचा तक्ता पुरा झाला: ६१ आम्लांची, ३ थांबण्याची. १९६८ साली निरेनबर्ग, खुराणा आणि हॉली यांना नोबेल मिळालं.

थांबण्याच्या त्या तिघांच्या शोधात मुंबईचा एक धागा आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे ओबेद सिद्दीकी अमेरिकेत ॲलन गॅरन यांच्यासोबत आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूवर काम करत होते. काही जिवाणूंमध्ये एक विशिष्ट विकर पूर्ण होतच नसे. पण दुसऱ्या एखाद्या जनुकात बदल झाला की ते पुन्हा होऊ लागे. म्हणजे सूचनेत कुठेतरी अर्थहीन त्रिकूट आलं होतं, आणि तिथे वाचन अडत होतं. गॅरन आणि सिद्दीकी यांचा तो लेख १९६२चा. त्याच वर्षी सिद्दीकी मुंबईत आले. पदार्थविज्ञानातून जीवशास्त्राकडे वळलेल्या लिओ झिलार्ड यांनी त्यांच्याविषयी होमी भाभांना लिहिलं होतं, आणि भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग काढून दिला. अणुभट्टीच्या माणसाने जिवाणूंच्या माणसाला जागा द्यावी, याचं मला आजही कौतुक वाटतं. भाभांचं दुसरं घर, म्हणजे अणुसंशोधन केंद्र, तर माहुलच्या पाठीशीच आहे, ट्रॉम्बेच्या डोंगरापलीकडे. तिथे किरणोत्साराने भुईमुगाच्या बियांच्या डीएनएत बदल घडवून टीएजी-२४सारखी वाणं काढली गेली. ती विदर्भातल्या शेतकऱ्यांना ट्रॉम्बेच्या नावानेच ठाऊक आहेत.

माहुलची मुलं मात्र भुईमुगापेक्षा रोहित पक्ष्यांबद्दल जास्त विचारतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शिवडी-माहुलच्या चिखलात हजारोंनी उतरतात, तेच. ‘सर, गुलाबी रंगाचं जनुक असतं का?’ नसतं. गुलाबी द्रव्य येतं चिखलातल्या शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांतून. पक्ष्याची जनुकं देतात ती त्या द्रव्यावर प्रक्रिया करून ते पिसांपर्यंत नेणारी प्रथिनं. खाणं बदललं की तीच जनुकं असूनही नवी पिसं फिकी येतात. पिल्लं तर राखाडीच असतात. लेव्हाइनच्या त्या आईची गोष्ट इथे पुन्हा भेटते: सूचना शाबूत, कारागीर शाबूत, माल नाही.

रायबोझोमबद्दल पुस्तकात बरंच आहे, आणि असायलाच हवं. प्रथिनांचा हा विणकर स्वतः मुख्यतः आरएनएचा बनलेला आहे, आणि अमिनो आम्लं जोडण्याचं नेमकं काम त्यातला आरएनएच करतो. त्याची रचना अणूंच्या पातळीवर उघड केल्याबद्दल वेंकटरमण रामकृष्णन, स्टाइट्झ आणि योनाथ यांना २००९चं नोबेल मिळालं. जिवाणूंचा रायबोझोम आपल्यापेक्षा पुरेसा वेगळा असतो, म्हणून काही औषधं त्यालाच धरतात. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन त्यातलंच. ते जिवाणूच्या रायबोझोमला चुकीचं वाचायला लावतं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये ते बनत असे. आणि पुण्याच्याच जिनोव्हा कंपनीची एमआरएनए लस, जिला २०२२च्या जूनमध्ये मंजुरी मिळाली, उलट्या बाजूने तेच यंत्र वापरते: आरएनएची प्रत बाहेरून पाठवायची, प्रथिन आपल्याच पेशींनी विणायचं.

घड्यांविषयीचं प्रकरण थोडं अवघड आहे. ते पहिल्या वाचनात सोडलं तरी चालेल, पण सोडून देऊ नये. अमिनो आम्लांच्या क्रमातूनच आकार ठरतो हे १९६०च्या सुमारास कळलं होतं; क्रम पाहून आकार सांगणारा संगणक यायला २०२० उजाडलं. २४२व्या जागचं आर्जिनिन विकराला का मोडतं, याचं खरं उत्तर त्या प्रकरणात आहे.

शिकवताना बॉम्बे गटाची गोष्ट आली की एक प्रश्न ठरलेला असतो: ही माणसं आजारी का नसतात? एवढं प्रथिन मोडलेलं, मग दुखत कसं नाही? ती खरोखरच सर्वसामान्य आयुष्य जगतात. अडचण येते ती रक्त चढवायची वेळ आली तरच, आणि तेव्हा तिथल्या तिथे दाता मिळणं कठीण म्हणून रक्तपेढ्या अशा दात्यांच्या याद्या ठेवतात. उलट या बिघाडात फायदाही असू शकतो. एफयूटी-१च्या शेजारी त्याच गुणसूत्रावर एफयूटी-२ नावाचं जनुक आहे. ते हाच ‘एच’ लाळेत आणि आतड्याच्या अस्तरावर घडवतं. नोरोव्हायरस हा जुलाब-उलट्या करणारा विषाणू आतड्यात शिरताना तो ‘एच’ धरतो. ज्यांचं एफयूटी-२ निकामी असतं त्यांना या विषाणूचे बरेच प्रकार शिवत नाहीत. भारतातल्या बॉम्बे गटाच्या कुटुंबांत एफयूटी-१मधल्या त्या एका अक्षराच्या जोडीला एफयूटी-२ जवळजवळ सगळंच गळालेलं सापडतं, आणि दोन्ही शेजारी असल्यामुळे ती जोडी पिढ्यानपिढ्या एकत्रच उतरत आली आहे.